नावाडीण काय म्हणाली

आमच्या ताईचा आवाज मोठा आहे. आहे तर आहे! बावीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत काढल्यावर कुणाचा लहान राहील? एका बाजूला धुण्याची सहा मशिनं, दुसऱ्या बाजूला चादरींना इस्त्री करणारा तो तापलेला रोलर. रोलरला चादर लावायला दोघी लागतात. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला मी, तिची धाकटी बहीण. ती "सोड!" म्हणून ओरडली की मी हात सोडायचा. ऐकू नाही आलं तर चादरीबरोबर बोटंही आत. माझी दहाच्या दहा बोटं आज शाबूत आहेत ती त्या आवाजामुळे, आणि लोक त्याच आवाजाला नावं ठेवतात.

सगळ्यात जास्त ठेवायचे ते आमचे साहेब, म्हणजे लाँड्रीचे सुपरवायझर. त्यांनी भिंतीवर पाटीच लावली, 'काम करताना बोलू नये'. ताईने विचारलं, "साहेब, मग हिचा हात भाजायला लागला की चिठ्ठी लिहून कळवू का?" आम्ही सगळ्या तोंडावर टॉवेल धरून हसलो. पाटी मात्र तिथेच राहिली.

वाचनाचं वेड तिला लागलं तेही लाँड्रीतच. मळक्या चादरींच्या एका गाठोड्यातून जाडजूड पुस्तक निघालं. राजे, चेटकिणी, बोलणारे गरुड, असलं सगळं. तीन महिने कुणी मागायला आलं नाही, मग ताईने ते घरी नेलं आणि झालं, बाई कामातून गेली. पाच खंडांची ती कादंबरी, बाकीचे चार खंड तिने वाचनालयातून आणले. नववीत शाळा सुटलेली माझी बहीण जेवता जेवता मला विचारायची, चौथ्या खंडात चेटकीण खोटं का बोलली असेल गं? मी म्हणायचे, मला काय विचारतेस, आमटी वाढ. पुढे तिच्यापायी मीही पाचही खंड वाचले, ते वेगळं.

वाचनालयातच तिची मास्तरांशी ओळख झाली. ते शाळेत चित्रकला शिकवतात, आणि त्या पुस्तकापायी तेही असेच ठार वेडे. वेडाला वेडे भेटत गेले, नऊ जण जमले आणि ठरलं की कादंबरीतल्या एका लढाईवर फिल्म करायची. विकायची नाही, नुसती हौस. मास्तरांचा नियम एकच होता: पुस्तकात नाही ते वाक्य फिल्ममध्ये नाही.

ताईला चेटकीण व्हायचं होतं. सगळे संवाद पाठ. रोलरवर म्हणून म्हणून मलाही पाठ झाले होते. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे हो. पण चेटकीण गूढ बोलते. तुम्ही बोलता ते भर बाजारात उभं राहून बोलल्यासारखं वाटतं." तिला दिली नावाडीण. एकच प्रसंग, आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. आणि राजा कोण म्हणाल तर आमचे साहेब! उंची आहे, दाढी आहे, शिवाय तंबूंसाठी लाँड्रीच्या जुन्या चादरी तेच देणार होते. राजा व्हायचं म्हटल्यावर कोण नको म्हणतो?

त्या दिवशी ताई रडली. हो, रडली, का लपवू? मला म्हणाली, "तिथेही गप्प आणि इथेही गप्प? मग मी बोलायचं तरी कुठे?" मी मास्तरांना शिव्या घातल्या, पण तिला कुणाच्या शिव्या नको होत्या. तिला बोलायला एक वाक्य हवं होतं.

प्रसंग असा होता. राजाचं सैन्य नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात उतरतं. शेवटच्या खेपेला नावाडीण खुद्द राजाला पोचवते. सैनिकांनी माघारी पळू नये म्हणून राजा तिची नाव जाळायला सांगतो आणि चालू लागतो. ताईने ते पान काढलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. दुसऱ्याच आठवड्यात पुस्तक बगलेत मारून ती मास्तरांच्या दारात उभी.

"वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी वाचलं. "नावाडीण काहीतरी म्हणाली, पण वाऱ्यात ते कुणालाच ऐकू गेलं नाही."

"म्हणाली की नाही?"

"म्हणाली, पण..."

"मग तिला संवाद आहे. तुमच्याच नियमाने आहे. त्यांना ऐकू गेला नाही, हा त्यांचा प्रश्न. माझ्या आवाजापुढे कुठला वारा टिकतो ते मला दाखवाच."

मास्तर चांगलेच कचाट्यात सापडले. मग सगळ्यांची बैठक बसली. औषधाच्या दुकानातला एक गृहस्थ पुस्तकातून आमचे संवाद उतरवून द्यायचा. त्याला चेव आला आणि त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं, "हे नृपा, या ज्वाळांत तुझ्या कुळाचा दीप विझेल!"

ताईने कागद वाचला आणि परत दिला. "दादा, ती नाव चालवते, दरबारात कविता म्हणत नाही. डोळ्यांदेखत पोटापाण्याचं साधन जळत असताना बाई 'ज्वाळांत' म्हणेल?"

"मग काय म्हणेल?"

"आपल्या कामातलंच काहीतरी म्हणेल. मी रोलरवर उभी राहून गरुडासारखी बोलते का? मला ठाऊक आहे ती काय म्हणाली ते. शूटिंगच्या दिवशी सांगेन."

मास्तरांनी हात टेकले. पण नाव एकच होती, प्लायवूड आणि पुठ्ठ्याची, दीड महिना खपून केलेली. ती एकदाच जळणार, शॉट एकदाच मिळणार. मास्तरांनी बजावलं, "फसलं तर तुमच्या तोंडावर वाऱ्याचा आवाज टाकीन आणि मोकळा होईन."

रविवारी सकाळी नदीवर गेलो. साहेब चादरीचा झगा आणि पत्र्याचा मुकुट घालून ऐटीत उभे. खोटं कशाला बोलू, शोभत होते मेले. मी कॅमेऱ्यामागे पाण्याच्या बादल्या घेऊन उभी होते. तिचं वाक्य फसलं असतं तर ती जन्मभर पुन्हा काही मागायला गेली नसती. मी ओळखते ना तिला.

नाव पेटली. वारा खरंच सुटला होता. साहेबांनी पाठ फिरवली आणि ठरल्याप्रमाणे चालू लागले. ताई जाळाशेजारी तशीच उभी. मला वाटलं, विसरली! आणि मग ती बोलली. किंचाळली नाही, शाप दिला नाही. रोलरवर मला सांगते त्याच आवाजात म्हणाली.

"अरे ए! परत जायचं असेल तेव्हा कशाने जाशील?"

मला एकदम शेवट आठवला. पाचव्या खंडात तो राजा हरून, एकटा, त्याच काठावर येऊन बसतो आणि तिथेच मरतो. समोर त्याचा मुलूख दिसत असतो आणि न्यायला नाव नसते. चार चार वेळा वाचून आमच्यातल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं, की हे त्याला आधीच कुणीतरी विचारलं होतं.

आणि साहेब थांबले. बावीस वर्षांत ताईने त्यांना कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. पावलं थांबली, मुकुट कलला आणि ते वळले. रागाने नव्हे. खरोखरच उत्तर शोधत असल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले. बघता बघता नाव मधोमध मोडली.

"कट! कट!" मास्तरांनी केस उपटायचेच बाकी ठेवले होते. "अहो साहेब, वळलात कशाला? वाट लावलीत सगळ्याची! पुस्तकात राजा वळत नाही!"

ताईने ओल्या फडक्याने तोंडावरची राख पुसली.

"पुस्तकात त्याला ऐकू गेलं नव्हतं," ती म्हणाली.