जेट स्कीची लाल दोरी

विशाखापट्टणमच्या समुद्रात आमची जेट स्की दोनदा बंद पडली. ती माझ्या बायकोचा हात लागून बंद पडली, असं या संक्रांतीपर्यंत भिलाईत आमच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत असलेलं ते खोटं होतं. ती मी बंद पाडली. दोन्ही वेळा.

आता सगळं रीतसर सांगतो. मी घरात कमी बोलणारा माणूस. "तुमाले बोलतं करायचं म्हणजे हवा धरलेला पंप चालू करायचा. आदी वरून पाणी ओता, मंग वाट पाहा," असं बायको म्हणते. त्यामुळे माझ्या पोटात बऱ्याच गोष्टी पडून राहतात. पण ही गोष्ट पडून राहिली आणि तिचा भुर्दंड बायकोला पडला, म्हणून लिहितो आहे.

सुरुवात स्कूटीपासून झाली. पन्नाशी दिसायला लागल्यावर बायकोने स्कूटी शिकायचं मनावर घेतलं. आधी जुनवानीतल्या आमच्या गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर, आणि एक दिवस ती एकटीच पावर हाउसच्या बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आली. कोथिंबीर गल्लीतही मिळते. पण पावर हाउसच्या ऑटोंमधून गाडी काढली होती, त्याचा काही तरी पुरावा पाहिजे होता. ती जुडी तिने दोन दिवस ओट्यावरच ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

आमची दर वर्षीची सुटी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या लग्नांत जाते. या डिसेंबरमध्ये मात्र ती म्हणाली, "मले समुद्र पाहाचा आहे. आन पाहाचाच नाही, ते पाण्यावरची स्कूटी चालवाची आहे."

"ते जेट स्की आहे," मी म्हणालो.

"त्याले हँडल असते ना? रेस असते ना? मंग मले येते."

मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते. हे मी तिला लग्नाआधी सांगितलं नाही आणि नंतर तसा प्रसंग आला नाही. भिलाईत राहण्याचा तेवढा एक फायदा आहे. दुर्गहून रात्रीच्या गाडीत बसलो तेव्हाही मी गप्पच होतो.

किनाऱ्यावर एका मोठ्या छत्रीखाली टेबल टाकून बुकिंग चालू होतं. मी भिलाईच्या स्टील प्लांटमधला माणूस. मशीन दिसली की विचारल्याशिवाय राहवत नाही. लाइफ जॅकेटची तपासणी कधी झाली, रेस्क्यू बोट कुठे उभी असते, गाइडला प्रथमोपचार येतात का, असं मी एकेक विचारत गेलो. मागे रांग वाढत होती. शेवटी टेबलामागचा माणूस म्हणाला, "अंकल, बैठना है कि इन्स्पेक्शन करना है?"

"बैठना है भैया," बायको म्हणाली. "इनकी आदत है. घर में कुकर चढ़ाओ तो भी सीटी खोलकर देखते हैं."

रांग हसली. त्या माणसाने दोन प्रकार सांगितले, एक लांबची फेरी आणि एक छोटी. गाइड दोन्हीत सोबत. बायको म्हणाली, लांबची. मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "छोटा वाला दीजिए. बीपी है." त्याने बायकोकडे काळजीने बघितलं आणि छोटी फेरी दिली. बीपी मला आहे. पण ते कुणाला आहे हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

खरं तर मी काठावरच थांबणार होतो. फोटो कोण काढणार, असं कारणही तयार होतं. पण तिघं बसू शकतात असं कळल्यावर बायको म्हणाली, "इतक्या दूर येऊन तुमी काय चपला राखता?" झालं. ती पुढे, हँडल तिच्या हातात. मध्ये गाइड, त्याचे हात तिच्या हातांच्या बाजूने हँडलवर. सगळ्यात मागे मी. माझ्या मागे फक्त बंगालचा उपसागर.

निघण्याआधी गाइडने एक लाल पिळाची दोरी दाखवली. तिचं एक टोक त्याच्या जॅकेटला अडकवलेलं, दुसऱ्या टोकाची क्लिप मशीनमध्ये. तो पडला तर क्लिप निघते आणि मशीन जागच्या जागी बंद होते. "बस, इसको कोई छूना नहीं," तो म्हणाला. मी शेवटचं वाक्य ऐकलं नसावं. ओढली की मशीन बंद होणारी लाल दोरी आहे, एवढंच माझ्या डोक्यात गेलं.

ह्याचं कारण सांगावं लागेल. माझी सगळी नोकरी कन्व्हेयर बेल्टपाशी गेली. रबराचा लांबच लांब पट्टा, त्यावरून कच्चा माल भट्टीकडे जातो. त्या पट्ट्याच्या कडेने शेवटपर्यंत एक दोरी ताणलेली असते. काही वावगं दिसलं की कुणीही ती ओढायची, पट्टा थांबतो. आधी ओढायची, विचार नंतर. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. दुसरा नियमही शिकवतो. ज्याने दोरी ओढली त्याने स्वतः पुढे होऊन सांगायचं की मी ओढली, अमुक कारणाने ओढली. मग तिथे जाऊन स्विच हाताने पूर्ववत करतात. तोवर पट्टा सुरू होत नाही. सांगणाऱ्याला कुणी रागवत नाही. न सांगणाऱ्याला मात्र कुणी माफ करत नाही.

तर आम्ही निघालो. बायकोने रेस दिली आणि ती हसायला लागली. हे हसणं मी घरी ऐकलेलं नव्हतं. घरी ती हसते ते माझ्यावर. हे कुणावरच नव्हतं. तेवढ्यात एक लाट आली, मशीन उडाली, आपटली, आणि गाइडच्या कमरेपाशी ती लाल दोरी थरथरताना मला दिसली. माझा हात गेला. मी पाठवला नाही, तोच गेला.

मशीन बंद. एकदम शांत. फक्त खाली पाणी चुबुक चुबुक करतंय.

गाइडने खाली बघितलं. "मैडम, आपका हाथ लगा क्या?"

"लगा होगा भैया," बायको घाबरून म्हणाली. "मेरे को समझा नहीं."

मी सांगायला तोंड उघडलं आणि नेमकं खारं पाणी तोंडात आलं. हे अगदी खरं आहे. पण ते थुंकायला किती वेळ लागतो? थुंकल्यानंतरही मी बोललो नाही.

गाइडने क्लिप परत लावली. बायको आता भीत भीत चालवत होती. शेवटी गाइडच म्हणाला, "रेस दो मैडम, अच्छा चला रहे आप." तिने दिली. मशीन सुसाट निघाली. मी मागे वळून बघितलं तर किनाऱ्यावरच्या इमारती काडेपेटीएवढ्या झालेल्या. मी दोरी ओढली. या वेळी हात आपला आपण गेला नाही. मी पाठवला.

"बस मैडम," गाइड वैतागला. "आप बीच में आ जाओ. मैं चलाता हूँ."

भर समुद्रात त्या दोघांनी जागा बदलली. मशीन डुगडुगत होती आणि मी डोळे मिटून बसलो होतो. परत येईपर्यंत बायको त्याच्या जॅकेटला धरून बसली. काठावर उतरून तिने त्याला "सॉरी भैया" म्हटलं. मी दोघांची लाइफ जॅकेटं नीट घडी करून परत दिली. लाइफ जॅकेटची घडी होत नाही. तरी मी केली.

भिलाईत आल्यावर तिने त्याचा किस्सा केला. तिला सांगता येतं. कुणाच्याही घरी बसलो की, "मशीन मले म्हणे, बाई, तू पोळ्याच लाट!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. दोरी ओढल्यापेक्षा मला त्या हसण्याची लाज जास्त वाटते.

पण स्कूटी तिने पोर्चमध्ये लावली आणि वर जुनी चादर टाकली. मी विचारलं, "कावून?"

"जाऊ द्या. मशीनले माझा हात मानवत नाही. पाण्यात कोणी नव्हतं म्हणून बरं. इथं कोणाले लागलं तं?"

त्यानंतर भाजी आणायला मी, ब्लाऊज शिवायला टाकायला मी, भिलाई-तीन वस्तीत तिच्या बहिणीकडे सोडायला मी. ती माझ्या बाइकवर मागे बसायची, एका बाजूला पाय करून, आणि कुठे वळायचं तेही सांगायची नाही. पूर्वी सांगायची. पूर्वी प्रत्येक वळणावर सांगायची आणि मला राग यायचा.

संक्रांत झाली. तिचं हळदीकुंकू म्हणजे आमच्याकडे मोठं काम. अर्ध्या जुनवानीला बोलावणं असतं आणि ती ते घरोघर जाऊन देते. माझी नेमकी सेकंड शिफ्ट. संध्याकाळी मी मोकळा नाही. मी ड्यूटीवर निघताना ती पोर्चमध्ये उभी राहून म्हणाली, "यंदा राहूच देते हळदीकुंकू. कोण फिरवते मले?"

माझ्या एका हातात हेल्मेट होतं. दुसरा हात चादर टाकलेल्या स्कूटीवर होता.

"दोरी मी ओढली," मी म्हणालो.

"कोणती दोरी?"

"समुद्रातली."

"पहिल्या वेळी?"

"दोन्ही वेळा."

"दुसऱ्या वेळी बी हात चुकून गेला?"

"नाही. तेव्हा मुद्दाम."

"कावून?"

"मले पाण्याचा भेव वाटते. आन तू लय जोरात चालवून राहिली होती."

ती ओरडेल असं मला वाटलं. ती जवळ आली आणि वेगळंच विचारलं. "चांगली चालवून राहिली होती का?"

"चांगली," मी म्हणालो. "लय चांगली."

ती पायरीवर बसली. तिचे वडीलही प्लांटमधलेच, त्यामुळे आमचे नियम तिला माहेरपासून पाठ आहेत. तिथूनच म्हणाली, "तुमच्या तिथं दोरी ओढणाऱ्यानं काय करा लागते?"

"सांगा लागते."

"कोणाले?"

"सगळ्याईले."

"मंग इतके दिवस पट्टा बंदच ठेवला ना तुमी?" तिने चादर ओढून काढली आणि झटकली. धूळ सगळी माझ्या युनिफॉर्मवर. "हळदीकुंकू होईन. तुमच्या सुटीच्या दिवशी ठेवते. आन तुमी घरी राहाल."

हळदीकुंकवाला घरात थांबणारा पुरुष मी आजवर पाहिलेला नाही. आम्ही सगळे त्या दिवशी चहाच्या टपरीवर असतो. मी मात्र हॉलमध्ये शोकेसला टेकून उभा, समोर सतरंजीवर बायकाच बायका, आणि बायको हातात तिळगुळाचं ताट घेऊन म्हणते, "यांले काही सांगाचं आहे."

मी सांगितलं. बीपीपासून सांगितलं. शेजारच्या रायपूरवाल्या भाभीसाठी मधूनमधून हिंदीतही सांगितलं.

"मतलब भाई साहब, भाभी का हाथ लगा ही नहीं था?"

"नहीं. मेरा था."

"हाय राम! और आप हमारे घर बैठकर हँस रहे थे?"

"अरे बाप्पा," कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या. त्यांचे यजमान माझ्याच खात्यातून रिटायर झालेले. "आन हे लोक आमच्या पोरांले सेफ्टी शिकवतेत!"

"कशी ओढली ते तं दाखवा, भाऊजी," कुणी तरी म्हणालं. दाखवायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून मी पडद्याची दोरी धरली. जरा जोरात ओढली गेली असावी. पडदा दांडीसकट खाली आला. त्यानंतरचं हसणं शेवटपर्यंत थांबलं नाही. बायको ताट खाली ठेवून, पदर तोंडाला लावून हसत होती. मी नीट ऐकलं. ते माझ्यावरच होतं, पण त्यात थोडंसं समुद्रावरचंही होतं.

जाताना मावशींनी वाणातली स्टीलची वाटी माझ्या हातात ठेवली. "घ्या. कुंकू सोडून तुमचं सगळं झालं."

दुसऱ्या दिवशी बायकोने स्कूटी काढली. "बसा मागं," म्हणाली. "पावर हाउसले जाऊ. पडद्याची दांडी आणाची आहे." मी बसलो. निघण्याआधी तिने भाजीची मोठी पिशवी मागे दिली. "ही धरा. दोन्ही हातानं."

ऑटोंच्या गर्दीत दोनदा मी पिशवी आवळून धरली. दांडीच्या दुकानासमोर गाडी लावून तिने आधी फोन काढला. गंगरेलच्या धरणावरही जेट स्की आहे हे तिने रात्रीच शोधून ठेवलं होतं. पलीकडचा माणूस काय विचारतो ते मला ऐकू येत नव्हतं. तिचंच ऐकू येत होतं.

"हाँ भैया, लंबा वाला. गाइड के साथ... नहीं नहीं, बीपी-वीपी कुछ नहीं." तिने माझ्याकडे बघितलं. "आदमी? एक. मैं अकेली. और एक जन किनारे पे रहेंगे, चप्पल देखने के लिए."