नलूचा सर्व्हर बंद होणार नाही

आज माझ्या सुनेचं वर्षश्राद्ध होतं, आणि मांडलेले पिंड सोडून मी कॉम्प्युटरपुढं जाऊन बसली.

ज्याले जे बोलायचं ते खाली कमेंटमध्ये बोला. माझ्या पाठीमागं नको.

नलूले सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. पाहायले गेलो तेव्हा चहाचा कप हाती द्यायच्या आधी तिनंच सांगितलं होतं. मी घरी येऊन नाही म्हटलं. विलासनं, माझ्या पोरानं, माझं ऐकलं नाही.

बरं झालं ऐकलं नाही.

ती कंपनीत जावाचे प्रोग्राम लिहायची. जावा म्हणजे काय ते मले आजही धड सांगता येत नाही. मी चौथी पास.

घरी शिलाई मशीनच्या टेबलावर तिनं एक जुना कॉम्प्युटर मांडला आणि त्याच्यावर रक्त देणाऱ्यांची यादी चालवली. सिकलवाल्याले घडीघडी रक्त लागते. घेऊन घेऊन काही जणांले नुसता गट जुळून पुरत नाही, आणखी बारीक जुळवणी लागते. कोणाले कोणाचं चालते ते सारं त्या यादीत. कुहीहून, पारशिवनीहून लोक फोन करायचे.

मी एकदा म्हटलं, व्हॉट्सॲपवर टाकून दे नं, एवढा पसारा काहून?

म्हणे, "आई, नाव फुटलं की पोरींच्या सोयरिकी मोडतात. तुम्हीच नाही म्हटलं होतं नं?"

ती नावं कागदावरही लिहू दिली नाही. कागद कोणाच्याही हाती लागते म्हणे.

शेवटच्या महिन्यात तिले बसवत नव्हतं. ती पलंगावरून सांगे, मी बटणं दाबे. सर्व्हर, म्हणजे यादी फोनवर दाखवणारा प्रोग्राम, कसा चालू करायचा ते माझ्याच हातानं वहीत लिहून घेतलं तिनं. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी काढली. मी घाईनं काही दाबलं की ओरडे, "अंदाज नका लावू आई. ते काय म्हणून राहिलं ते आधी वाचा."

सासूवर ओरडणारी सून. मी पण सोडत नव्हती. आमचं भांडण साऱ्या गल्लीले पाठ होतं.

तर आज सकाळी फोन आला. कुहीची बाई. तिचं नाव मी लिहिणार नाही, तिच्या पोरीचंही नाही. पोरगी नागपुरात ॲडमिट. डॉक्टर म्हणे आजच रक्त पाहिजे, आणि तिले चालेल असं रक्तपेढीत नाही. नलूच्या यादीत तिच्या जुळणीचे लोक होते.

मी फोनवर यादी उघडायले गेली. उघडेच ना.

सर्व्हर बंद. चालू करायले गेली तर काळी खिडकी उघडे आणि डोळा लवायच्या आत गायब होये. चारदा केलं. चारदा गायब.

इकडे श्राद्ध सांगायले आलेले महाराज खोळंबले. विलास आला न् म्हणे, "राहू दे नं माय आज. वर्ष झालं तिले जाऊन. किती दिवस ओढशील हे?"

मी म्हटलं, "पिंड दुपारपर्यंत थांबते. ते पोट्टी थांबत नाही."

वही काढली. त्यात होतं: खिडकी पळाली तर आधी रिकामी काळी खिडकी उघडायची, अन् सर्व्हर तिच्यातून चालवायचा. मग ती पळत नाही, काय बिघडलं त्याचं रडगाणं सांगते.

तसं केलं. एक ओळ आली. एकेक अक्षर वहीशी जुळवलं, तिथं अर्थ लिहिला होता. सर्व्हरले जावाचा जो पत्ता दिला होता, तिथं जावाच नव्हती.

मी त्या फोल्डरात गेली. खरंच नव्हती. बाजूले दुसरा फोल्डर होता, वेगळ्या नंबरचा. नवी जावा.

मी विलासकडं पाहिलं. त्यानं खाली पाहिलं.

घट बसायच्या आधीची साफसफाई परवा काढली होती. जाळे काढले, डबे घासले, माळ्यावरची जुनी गादी फेकली. अन् हा शहाणा कॉम्प्युटरही आतून साफ करून बसला. म्हणे, जावा दोन दोन दिसल्या, जुनी काढून टाकली.

मी श्राद्धाच्या दिवशी शिवी दिली. देवा माफ कर, नाहीतर नको करू.

मग वहीत पाहून पत्ता बदलला. नव्या फोल्डरचं नाव पाहून पाहून टाकलं. सर्व्हर चालवला.

तेच रडगाणं.

तिकडून त्या बाईचा परत फोन. विलास म्हणे, सोड.

सोडते कशाची. वहीचं पान उलटवलं. मागं तिचं अक्षर, वाकडं झालेलं, पडल्या पडल्या लिहिलेलं: "आई, पत्ता बदलला की जुनी खिडकी बंद करा, नवी उघडा. जुनीले नवा पत्ता माहीत नसते."

माझ्यासाठी ती माझ्या बोलीत लिहून गेली होती.

जुनी बंद केली. नवी उघडली. चालवलं. ओळीमागून ओळी पळाल्या, अन् खिडकी उघडीच राहिली. फोनवर यादी दिसली.

चार नावं निघाली. दोघांनी फोन उचलला, दोघंही गेले. एक तर पारशिवनीहून धान तसंच सोडून फटफटीवर आला. संध्याकाळी पोरीले रक्त चढलं.

पिंड दुपारी दोनले झाले. महाराज काही बोलले नाहीत. नातेवाईक बोलले. म्हणे सासूनं सुनेच्या मशीनचं एवढं काय मनावर घ्यावं, आता बंद करा, घरात अवदसा नको.

ऐका. तो कॉम्प्युटर माझ्या घरातून हलणार नाही. मी मेली तर विलास चालवन. आजपासून त्याले शिकवून राहिली मी, अन् मी नलूपेक्षा जास्त ओरडते.

वहीत शेवटी एक ओळ मीही लिहिली: साफसफाईत कॉम्प्युटर फक्त वरून पुसायचा.

नलू, तुले हात जोडते. जिवंतपणी जोडले नाही कधी.

सर्व्हर चालू आहे.