हरभऱ्याची भरड आणि न उगवलेली मेथी

युरियाविरुद्ध मी पत्रकं काढली, चौकात उभं राहून वाटली. खरं सांगते, वाफ्यात हात मात्र कधी घातला नव्हता.

काळेवाडीत आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशींनी वर्षानुवर्षं एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. ते काम सुटल्यावर मारुंजीत ओळखीच्यांच्या पडीक जागेत त्यांनी भाजीचे दोन वाफे धरले. संत तुकाराम नगरातली सात-आठ घरं त्यांची ठरलेली गिऱ्हाईकं. मी मागे लागले म्हणून मावशींनी त्या घरांना शब्द दिला, या खेपेची मेथी बिनयुरियाची.

पण युरिया नुसता बंद करून भागत नाही. पालेभाजीला नत्र लागतंच, आणि ते डाळीच्या बियांत भरपूर असतं. मी किडका हरभरा मिळवला आणि वाफ्यात खत म्हणून टाकायचाय सांगून भरडायला गिरणीवर नेला.

"ताई, शेतात भजी तळताय का?" गिरणीवाला हसला.

"भरड टाकल्यावर किती दिस थांबायचं?" वाफ्यावर आल्यावर मावशींनी विचारलं.

"थांबायचं कशाला? सेंद्रिय आहे, मुळं जाळत नाही. लगेच पेरा." पत्रकात लिहिते तसंच मी ठणकावलं.

मेथी तीन-चार दिवसांत वर येते. पेरल्यावर आठव्या दिवशी वाफ्यात फक्त मुंग्या आणि आंबूस वास. माझं डोकंच फिरलं. बियाणं बोगस! तिथेच बांधावर बसून मी बियाणंवाल्याविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. मथळासुद्धा झाला.

"ए पोरी, दम धर," मावशी म्हणाल्या. "त्यातलंच मूठभर बी म्या दारातल्या डब्यात नुसत्या मातीत टाकलं व्हतं. बोट-बोट वर आलंय. त्या माणसाचं नाव कशाला खराब करती?"

त्यांनी माती उकरली. भरड कुजत होती, आणि तिच्या संगतीनं बीही बुळबुळीत होऊन सडलं होतं. मी कागद फाडला.

"मग आता परत युरिया?"

"न्हाई. भरड वाईट न्हाई, घाई वाईट. कुजू दे पुरती, मग वांग्याची रोपं लावू. पण म्या शब्द दिलाय त्याचं काय? चल, तूच सांग."

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार फिरलो. घोषणा द्यायला मी कधी घाबरले नाही, पण पहिल्या दाराची बेल दाबण्याआधी काय बोलायचं ते दोनदा मनात म्हणून पाहिलं.

"मेथी नाही आली. चूक मावशींची नाही, माझी. दोन-तीन आठवडे थांबून पेरायला हवं होतं. मला माहीतच नव्हतं."

दोन घरांनी सरळ सांगितलं, आम्ही दुसरीकडून घेऊ. बाकीच्यांनी वांग्यांची वाट बघायचं कबूल केलं. एका काकूंनी तर आम्हाला बसवून चहा पाजला.

जिना उतरताना मावशी गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या. "त्या दोघी बी येतील माघारी," म्हणाल्या. "वांगी लागली की त्यांच्या दारी आधी जायचं. तू जायचं, मी न्हाई."