ब्रेकताईंच्या लेकीचा हात

ब्रेकताई गाडी चालवायला शिकवायच्या. त्यांच्या शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक होता आणि तो त्यांच्या ताब्यात असे. वर्षानुवर्षं नवशिक्यांशेजारी बसून त्यांच्या पायाला अशी काही सवय जडली होती, की घरात पोरगी धावत सुटली तरी त्यांचा पाय खाडकन फरशीवर दाबला जायचा. फरशीला ब्रेक नव्हता. त्यामुळे एका रविवारी व्हायचं ते झालंच.

त्यांची आठ वर्षांची लेक, भिंगरी, सोफ्याच्या पाठीवरून चालत निघाली होती. पडलं तर लागू नये म्हणून तिने पोटाला उशी बांधली, पाठीला उशी बांधली, गुडघ्यांना टॉवेल गुंडाळले. हात तेवढे तोल सांभाळायला मोकळे ठेवले. पडली ती नेमकी उजव्या हातावर.

दवाखान्यात डॉक्टर ओलं प्लास्टर गुंडाळू लागले तेव्हा रडून झालेली भिंगरी मन लावून बघत होती. ब्रेकताई म्हणाल्या, "घाबरू नकोस हं, मी आहे ना," आणि सरळ आडव्या झाल्या. हनुवटी स्टुलावर आपटली, टाके पडले.

नर्स धावत आली. "यातलं पेशंट कोण?"

"आधी मी होते," भिंगरी म्हणाली. "आता आई आहे."

परगावी कामाला असलेल्या बाबांना भिंगरीने फोन लावला.

"पडलं कोण?" त्यांनी विचारलं.

"दोघी."

"एकदम?"

"नाही, आपापल्या वेळेला."

घरी आल्यावर भिंगरीचं राज्य सुरू झालं. पाणी आण, उशी सरकव, प्लास्टरच्या आत खाजतंय तर बाहेरून फुंकर मार. ब्रेकताई फुंकर मारून मारून गरगरल्या आणि एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, एक हात धडधाकट आहे ना तुझा?"

"तुला काय कळणार एका हाताचं दुःख," भिंगरी तोंड पाडून म्हणाली.

हे ब्रेकताईंच्या जिव्हारी लागलं. त्यांनी स्वतःचा उजवा हात पोटाशी धरला आणि लेकीकडून स्कार्फने आवळून घेतला. भिंगरीने डाव्या हाताने आणि दातांनी मिळून पाठीमागे गाठ मारली. ती गाठ म्हणजे अशी, की बांधणारीलाही पुन्हा सोडवता येईना. घरात हात चार, त्यातले कामाचे दोन, तेही दोघींचे एकेक. एक ओढतेय, दुसरी ढकलतेय, आणि दोघी जागच्या जागी गोल फिरताहेत. एवढ्यात शिकवणीचे आजोबा दारात हजर.

हे आजोबा नोकरीतून निवृत्त झाल्यावर गाडी शिकायला आले होते आणि वळणावर डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी ताईंची हनुवटी पाहिली, बांधलेला हात पाहिला, प्लास्टरमधली पोर पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या आधी कोण शिकायला होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

खरं काय ते सांगूनही त्यांना पटलं नाही. गाठ त्यांनी सोडवून दिली, पण त्या दिवशी गाडी अशी चालवली की वळणावर दोन्ही डोळे टक्क उघडे. ताईंच्या पायाला कामच उरलं नाही.

यथावकाश प्लास्टर निघालं. आत हात होता, पण वाळल्या काकडीसारखा बारीक आणि रुसलेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, तळवा आभाळाकडे वळला पाहिजे. भिंगरीने हात पोटाशी लपवला. "दुखेल," म्हणाली. ताईंनी समजावलं, दटावलं, लाडीगोडी लावली. तळवा काही जमीन सोडेना. खोलीतले दिवे मालवून ताई एकट्या बसल्या की त्यांच्या मनात यायचं, पोरीचा हात असाच राहिला तर?

शेवटी त्यांनी तिला अंगणात उभ्या गाडीत, चालकाच्या जागी बसवलं. चावी स्टिअरिंगचं कुलूप सुटण्यापुरतीच फिरवली, इंजिन बंद. "फिरव स्टिअरिंग. जमेल तेवढंच."

आजोबा वेळेआधी आले होते, ते मुकाट्याने मागे बसले. भिंगरीने स्टिअरिंग इकडून तिकडे नेलं, तोंडाने हॉर्न वाजवला, एका अदृश्य म्हशीवर ओरडली. आजोबा वळणावर दांडा धरून बसले. गाडी जागची हलली नव्हती, तरी ताईंचा पाय मधूनमधून दाबला जातच होता.

"शेवटचा थांबा," भिंगरीने जाहीर केलं आणि मागे वळून उजवा हात पुढे केला. "आजोबा, तिकीट दाखवा."

तळवा सरळ वर होता. तिच्या ते गावीही नव्हतं. ताईंनी आजोबांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

आजोबांनी सगळे खिसे चाचपले. "बाळ, मी तर विनातिकीट चढलो," ते म्हणाले.

"मग उतरा," भिंगरी म्हणाली. हात मात्र तिने मागे घेतला नाही, आणि आजोबाही, आज्ञाधारक माणूस, दार उघडायला बराच वेळ लावत राहिले.