फॉरमॅट नंबर चौदा

प्रकाश सबनीसची सात वर्षं एका सर्क्युलरने पुसून टाकली, आणि तीही सोमवारी सकाळी, पहिला चहा पोटात जायच्या आधी.

दुबईच्या रास अल खोरमध्ये एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो वीस वर्षं होता. लागला डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून. काम असं, की नकाशाची नवी आवृत्ती आली की रजिस्टरमध्ये चढवायची आणि जुनीवर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायचा. शिक्का मारताना त्याला कधी कसली दयामाया वाटली नाही. २०१७ मध्ये म्हाताऱ्या अरबाबने, म्हणजे मालकाने, कंपनी एका युरोपियन ग्रुपला विकली. गोऱ्या साहेबांना प्रकाशचं टापटीप काम आवडलं आणि त्यांनी त्याला मॅनेजर केलं. काचेची केबिन, दारावर नाव. पुढे २०२४ मध्ये अरबाबच्या मुलांनी वडिलांची कंपनी परत विकत घेतली आणि पहिलं फर्मान काढलं, की विक्रीच्या आदल्या दिवशी जो ज्या हुद्द्यावर होता तो त्याच हुद्द्यावर परत जाईल. मधल्या बढत्या ग्राह्य नाहीत. दुपारपर्यंत प्रकाशच्या केबिनमध्ये कॉफी मशीन आलं आणि प्रकाश खिडकीजवळच्या जुन्या टेबलावर.

त्याने चिडून अबू धाबीत अर्ज टाकला आणि चार महिन्यांनी चक्क निवड झाली. मॅनेजरचीच जागा. त्यांना फक्त एक पत्र हवं होतं: सात वर्षं मॅनेजर म्हणून काम केलं, असं सध्याच्या कंपनीच्या लेटरहेडवर. गुरुवारपर्यंत. युरोपियन ग्रुप केव्हाच गाशा गुंडाळून गेला होता, त्यामुळे पत्र द्यायचं तर अरबाबच्या मुलांनीच.

एचआरमध्ये सुमैय्या होती, हैदराबादची, स्वभावाने बरी. ती म्हणाली, “इन्शाल्ला, सबनीस साब, बुधवार को ले लीजिए.” प्रकाश दोन दिवस या इन्शाल्लावर जगला.

त्या दोन दिवसांत डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी लेकीचा, मुग्धाचा, इतिहासाचा प्रोजेक्ट चालू होता. नेपोलियनच्या काळातला एक साधा माणूस निवडून त्याच्यावर लिहायचं होतं. तिला एका पुस्तकात जर्मनीतल्या कासेल शहराचा लोडर नावाचा सरकारी अधिकारी मिळाला होता. तिथला जुना राजा पळून गेला, फ्रेंचांचं राज्य आलं, लोडर साधा कारकून होता तो खात्याचा प्रमुख झाला. सात वर्षांनी जुना राजा परतला आणि म्हणाला, मधलं काही घडलंच नाही. ज्याने त्याने आपल्या जुन्या जागी बसावं. लोडर पुन्हा कारकून.

“बघ, बघ,” प्रकाश बायकोला, शोभनाला, सांगू लागला, “दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा हेच. प्रामाणिक माणसाचीच मान पहिली कापतात.” त्याला लोडरबद्दल इतका कळवळा आला की प्रोजेक्टची चार पानं त्यानेच लिहून काढली. मरेपर्यंत लोडर राजाला अर्ज करत राहिला, माझी सात वर्षं द्या म्हणून. ही ओळ लिहिताना प्रकाशचे डोळे भरून आले. खरं तर ते स्वतःसाठीच भरले होते.

बुधवारी सुमैय्याने पत्र दिलं. त्यात प्रकाश डॉक्युमेंट कंट्रोलर होता, आणि तोही गेले चार महिने.

“और बीस साल?” त्याने विचारलं.

“फॉरमॅट में नहीं है, साब. मैं अपने मन से कैसे लिखूँ?” तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. फॉरमॅट नंबर चौदा, अनुभवपत्र. त्यात एक ओळ होती: मागील व्यवस्थापनाच्या काळातील सेवा व हुद्दा नमूद करू नये. खाली लिहिलं होतं, तयार करणारा: पी. सबनीस, मॅनेजर. तारीख, फेब्रुवारी २०१८.

तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला. गोऱ्यांना जुन्या अरबाबचं नाव कुठल्याच कागदावर नको होतं. ही ओळ घाला असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. साहेब खूष होतील म्हणून त्यानेच सुचवली होती.

आणि त्या फॉरमॅटवर पहिलं पत्र निघालं होतं ॲम्ब्रोज घोन्साल्विसचं. वसईचा ॲम्ब्रोज, एकोणीस वर्षं स्टोअरकीपर. गोऱ्यांनी त्याला कमी केलं, तेव्हा पत्रात अकरा महिने लिहून आले. तो केबिनमध्ये येऊन उभा राहिला होता. “साहेब, एवढंच?” प्रकाशने संगणकावरची नजर न हलवता म्हटलं होतं, “रूल आहे. माझे हात बांधलेत.”

गुरुवार गेला. अबू धाबीवाल्यांनी दुसऱ्याला घेतलं.

शुक्रवारी मुग्धाने प्रोजेक्ट वाचून बापाकडे पाहिलं. “बाबा, यू लेफ्ट आउट चॅप्टर थ्री. लोडरने फ्रेंचांना ओल्ड क्लार्क्सची लिस्ट करून दिली होती ना? दे लॉस्ट देअर जॉब्स. डिड ही एव्हर से सॉरी टू देम?”

प्रकाशने ते प्रकरण वाचलं होतं. कंटाळवाणं म्हणून सोडून दिलं होतं.

“पुस्तकात तसं काही नाही,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो अजमानला गेला. ॲम्ब्रोज आता एका शाळेच्या गेटवर बसतो. दुसरीकडे स्टोअर कुणी दिलं नाही, अकरा महिन्यांच्या अनुभवावर कोण देणार. त्याची बायको, इनेज, दार उघडून चहा ठेवायला आत गेली.

प्रकाशने खिशातून कागद काढला. लेटरहेड नव्हतं. साध्या कागदावर स्वतःच्या हाताने त्याने लिहिलं होतं, की श्री. ॲम्ब्रोज घोन्साल्विस यांनी मार्च १९९९ पासून एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि एक स्क्रूही कधी कमी भरला नाही. खाली सही, पण हुद्दा नाही.

“ती ओळ मीच घातली होती, ॲम्ब्रोजभाऊ. कुणी सांगितलं नव्हतं. माझं चुकलं.”

ॲम्ब्रोजने चष्मा लावला आणि कागद सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला.

“साठी उलटली साहेब माझी. आता हे दाखवू कुणाला?”

इनेजने चहा आणून ठेवला. कुणी कप उचलला नाही.

“आणि मार्च नाही,” ॲम्ब्रोज म्हणाला. “जानेवारी. अठरा जानेवारी. तुम्ही नव्हता तेव्हा.”

प्रकाशने पेन काढलं, ‘मार्च’वर एक रेघ मारली, वर ‘१८ जानेवारी’ लिहिलं आणि सवयीप्रमाणे दुरुस्तीशेजारी छोटी सही केली.

ॲम्ब्रोजने कागद हातात घेतला, तारीख तपासली आणि मग चहाचा कप त्याच्याकडे सरकवला.