रिकाम्या जाळीचं वस्तुमान

शुभांगीच्या घरी शेतातले टोमॅटो जाळीत, म्हणजे प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, मोजतात. एक जाळी म्हणजे वीस किलो. रिकाम्या जाळीचं वजन आधीच वजा. मखमलाबादला वाढलेल्या मुलीला हे बाराखडीच्या आधी येतं. पुढे ती एम.एस्सी., बी.एड. झाली. वडील खंडेराव यांच्या मते तो त्याच शिक्षणाचा उरलेला भाग.

सातपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली होती. निवड नववीच्या वर्गावर घेतलेल्या एका पाठावरून होणार होती.

"हातची जाऊ देऊ नको," खंडेराव म्हणाले.

"मी कशाला जाऊ देईन?" शुभांगी म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पाठाच्या दिवशी मुख्याध्यापक भामरे सर मागच्या बाकात कसेबसे मावून बसले. शुभांगीनं फळ्यावर ढकलगाडी काढली, तिच्यावर टोमॅटोच्या पाच जाळ्या.

"बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. घर्षण नाही असं धरू."

"कुठल्या रस्त्यावर, मॅडम?" लखननं विचारलं.

"पुस्तकातल्या. तिथं खड्डे नसतात."

शंभर गुणिले अर्धा, पन्नास न्यूटन. उत्तराखाली तिनं ऐटीत दोन रेघा मारल्या.

"मॅडम, गाडी जागेवरच राहिली," मोहिनी म्हणाली. "तुम्ही नुसते टोमॅटो ढकलले."

वर्ग खिदळला. भामरे सर हसले नाहीत. शुभांगीनं फळ्याकडे पाहिलं. आजोबा, वडील आणि ती, तिघांनी मिळून जाळी वजा केली होती. गाडी तर कुणी हिशेबातच धरली नव्हती. तिनं काही पुसलं नाही. शंभरभोवती गोल केला.

"चुकलं माझं. व्यापारी टोमॅटो घेतो, जाळी घेत नाही, म्हणून आम्ही ती वजा करतो. बल काही व्यापारी नाही. जे जे हलतं, ते सगळं त्यालाच हलवावं लागतं. रिकामी जाळी दोन किलो, गाडी साठ. आता सांगा."

"एकशे सत्तर... पंच्याऐंशी न्यूटन!" लखन ओरडला. मग त्यानं शेजारच्या महेशकडे बोट केलं. "आणि हा वर बसला तर?"

"तर याला पण धरायचं," मोहिनी म्हणाली. "वजा करायला तो काय जाळी आहे?"

तास संपल्यावर भामरे सरांनी तिला व्हरांड्यात गाठलं. "चूक मुद्दाम केलीत ना? छान युक्ती होती."

हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही सर. घरची सवय."

सर म्हणाले, "मग नववी ब ला हाच पाठ घ्या. तिथं चूक मुद्दाम करा."

"कधी, सर?"

"सोमवारी. आधी ऑफिसात येऊन रुजू व्हा."