भिवा जॉबरचा वीतभर बोर्ड

...तर पूजेचं ताट घेऊन भिवा त्या उघड्या मदरबोर्डासमोर मांडी घालून बसला, इथवर काल आलो होतो. पण ताट कशाला, ते सांगायचं राहिलंच.

भिवा राणे म्हणजे परळच्या गिरणीत साचेखात्यातला जॉबर, मागांची दुरुस्ती बघणारा मुकादम. बिघडलेला माग नुसता कान लावून ओळखायचा म्हणे. म्हणतो तोच, पण खोटं नसावं. खंडेनवमीला प्रत्येक मागावर हळदकुंकू आणि तांदूळ पडल्याशिवाय भिवा हात लावू द्यायचा नाही. गिरणी गेली, तिच्या जागी काचेची कचेरी आली, भिवाची नवमी मात्र कुठे गेली नाही. गेल्या वर्षी सुनेचा केस वाळवायचा पंपसुद्धा कुंकवाने लाल झाला होता.

नात सिद्धी आर्किटेक्चरला. तिचा लॅपटॉप ऐन वेळी मेला, आणि नवमीलाच संध्याकाळी सहापर्यंत कॉलेजला नकाशे पाठवायचे. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडायचा ठरला. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत जागा उरली होती पिठाचा डबा आणि शिलाई मशीन यांच्या मधली, एक वीत चार बोटं. भिवाने स्वतः मोजलेली. म्हणून बोर्डही आणला सगळ्यांत धाकटा, सतरा सेंटिमीटर चौरस. वीत ठेवली तर अंगठा बाहेर.

"बाबा, दुकानवाला बसवून देत होता," सून रुपाली म्हणाली.

"तीन तीन हजार धागे भरलंय मी मागात. ह्या दोन पट्ट्यो बसवूक दुकानवालो कित्याक?"

सिद्धीने माहितीपुस्तक वाचायला घेतलं. "रॅमला, म्हणजे त्या पट्ट्यांना, खाचा दोन. ग्राफिक्स कार्डाला जागा एकच."

"एकाच पाव्हण्याची सोय. शाणो आसा."

"लॅपटॉपमधली नकाशांची एसएसडी बोर्डाच्या खालच्या अंगाला."

"जागा नसली की माणूस खाटेखालीच निजता."

"आणि वायफाय बोर्डातच आहे, आजोबा."

भिवाने बोर्ड उचलून उलटा-सुलटा पाहिला. "म्हणजे संडास घरात? आमच्या चाळीत ऱ्हवाक येऊन हो ब्लॉकवालो निघालो."

मग पूजा झाली. हळद बोटभर, कुंकू चिमूटभर, तांदूळ मात्र जॉबरच्या सढळ हाताने. कुंकू सांडू नये म्हणून सिद्धीने ताट ओढलं, ते जरा उशिराच. भिवाने तांदूळ फुंकून टाकले, रॅमच्या पट्ट्या बसवल्या. तीन टोकांना टक् असा आवाज आला, चौथ्याला आला नाही.

"नवीन आसा, लाजता," भिवा म्हणाला.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं, काळाच. घड्याळात पावणेपाच. रुपालीने मोबाइलमध्ये दुकानवाल्याचा नंबर शोधायला घेतला. ते भिवाला लागलं. सिद्धीचे डोळे भरून आलेले, त्यांच्याकडे तर त्याला बघवेना.

तेवढ्यात बोर्डाच्या कडेला तिळाएवढा पिवळा दिवा त्याला दिसला. "हो दिवो कसलो? पुस्तकात बघ."

सिद्धीने नाक पुसत पानं उलटली. "चार दिवे आहेत. प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले, बूट. जिथे अडलं, तिथला पेटून राहतो. हा मेमरीचा, म्हणजे रॅमचा."

भिवाची पाठ ताठ झाली. ताण्यातला एक उभा धागा तुटला की माग आपणहून थांबायचा, आणि मग जॉबर तुटलेली जागा शोधायचा. ही भाषा त्याच्या घरची होती. त्याने आधी वायर काढली, मग पट्ट्या काढल्या, बोर्ड पालथा धरून दाढीच्या कोऱ्या ब्रशने खाच झटकली. तळहातावर काहीतरी पडलं. त्याने ते बघितलं आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकलं.

या वेळी टक् चार वेळा झालं. पडदा उजळला. नकाशे गेले तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती.

चहा घेताना रुपालीने विचारलं, "बाबा, खिशात काय टाकलंत मगाशी?"

भिवाने कप खाली ठेवला. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण नात बघत होती. त्याने खिशातून कुंकवाने माखलेला तांदळाचा दाणा काढून बशीत ठेवला.

"म्हणजे पुढच्या नवमीला ह्याची पूजा बंद," रुपाली म्हणाली.

भिवा म्हणाला, "पूजा होतली. कुंकू कॉम्प्युटरच्या भायल्या डब्याक लावीन, तांदूळ तुझ्या कुकरात जातीत. पण ह्या दिव्यासारखो, माझी चूक माझा नाव न घेता दाखवणारो जॉबर माका गिरणीत पण कधी गावलो नाय."